खालच्या मजल्यावरच्या यंत्रांची व्यवस्था

थोरले, तुझी कंबर आता कशी आहे? यंत्राखाली वाकताना पट्टा बांधतेस, की तो अजून खिळ्यालाच लटकतो आहे? धाकट्या, तुझे पोट कसे आहे, आणि हिरड्या आरशात नीट पाहतोस का? सूनबाई, झोप लागते का? बोलके, म्हणजे आमचे शिसे ओतणारे कारागीर, जे मोजून मापून बोलतात म्हणून यांनीच, माझ्या यजमानांनी, थट्टेने त्यांचे हे नाव पाडले होते, तुमच्या मनगटात जोर आला का, की चहाचा कप अजून दोन्ही हातांनी धरावा लागतो? भाऊजी, गुडघे काय म्हणतात? रोज दुपारी जिना चढून चहाला येता, त्याअर्थी बरे असावेत. आणि चिमणे, माझे नातवंड, तुझी प्रकृती मी विचारत नाही, कारण ती मला ठाऊक आहे. तुझ्या रक्तात शिसे निघाले आहे.

माझी विचाराल तर मी ठणठणीत आहे. रक्तदाब गोळीच्या धाकात आहे, चष्मा नवा आहे, आणि डोके कायद्याला लागते तेवढे ठिकाणावर आहे. म्हणून मी, बॅटऱ्या बनवणाऱ्या या कारखान्याची मालकीण, बोलक्यांची बाई, भाऊजींची वहिनी, चिमणीची आजी आणि तुम्हा दोघांची आई, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. मला कोणी भरीला घातलेले नाही, धाकही दाखवलेला नाही. उलट मी लिहू नये म्हणूनच घरात सगळे झटताहेत. याआधी एकदा करायला बसले होते, पण तेवढ्यात खाली यंत्राचा पट्टा तुटला आणि ते राहून गेले. तेव्हा हेच पहिले आणि हेच खरे धरावे.

वकिलांनी एक नमुना दिला आहे. त्यात ओळीआड "माझ्या पश्चात" असे येते. मी ते शब्द इमानाने उतरवायला घेतले आहेत, पण आत्ताच ते मला टोचू लागलेत. बघू किती पुढे जातात.

आधी परिस्थिती लिहिते. तुम्हाला सगळी ठाऊक आहे, पण कागदावर आली की कोणाला "मला वेगळंच वाटलं होतं" असे म्हणता येत नाही. आमचे घर दोन मजली. वर आम्ही राहतो, खाली कारखाना. खाली शिसे वितळते, जाळ्या ओतल्या जातात, त्यांना लेप लागतो, प्लेटा होतात, त्या डब्यात बसतात आणि बॅटरी तयार होते. मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी चिमणीच्या रक्ताचा अहवाल वाचून दाखवला. सूनबाईने तो ऐकला, घरी आली आणि कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. बॅग पलंगाजवळ उघडी पडली आहे. अजून भरलेली नाही, पण रोज सकाळी तिच्यात एखादा फ्रॉक जास्त दिसतो. धाकटा म्हणतो, मोठा पंखा बसवू, नाहीतर मध्ये भिंत घालू, नाहीतर सगळे भंगारात देऊन मोकळे होऊ. हे सगळे तो एकाच दमात म्हणतो आणि त्यातले काहीच न करता खाली निघून जातो.

चिमणीला शिसे लागले कसे, याबद्दल कोणी कोणाला बोल लावू नये. या घराचा नियम माझा आहे: खालून वर येणाऱ्याने आधी खालच्या न्हाणीत अंघोळ करायची, कामाचे कपडे तिथेच ठेवायचे, मग जिना चढायचा. धाकटा तो पाळतो. पण न्हाणीचे दार जिन्याच्या वळणाशी आहे, आणि बापाची चाहूल लागली की ही पोर वळणापर्यंत धावत खाली जाते आणि त्याच्या पायांना मिठी मारते. तो तिला ढकलेल का? कोणता बाप ढकलेल? त्या मिठीत जे काही तिच्या गालाला लागायचे ते लागले. आता त्याने तिला जवळ घ्यायचेच सोडले आहे, अंघोळ करून आल्यावरसुद्धा. काल ती मला म्हणाली, "आजी, बाबा माझ्यावर रागावलेत का?" हे मृत्युपत्र मी त्या प्रश्नानंतर लिहायला घेतले.

कलम पहिले. घराचा वरचा मजला, भांड्याकुंड्यांसह, माझ्या पश्चात सूनबाईच्या एकटीच्या नावे व्हावा. धाकट्याला वाईट वाटेल. वाटू दे, त्याला सवय आहे. कारण असे की सूनबाई, स्वतःच्या घरातून कोणी बॅग भरून जात नाही. कोणी जायचेच झाले तर दुसऱ्यांना घालव. चिमणीची खोली मात्र आत्ताच बदल. जिन्याकडची नको, मागच्या खिडकीची माझी खोली तिला दे. मी बाहेरच्या दिवाणावर झोपेन. तशीही मी झोपते कुठे, रात्रभर कूस बदलत असते.

कलम दुसरे. बँकेत जे काही आहे ते आधी चिमणीच्या तपासण्यांना आणि औषधाला. तिच्या रक्तातला आकडा खाली येईपर्यंत त्याला दुसऱ्या कोणी हात लावू नये. मग उरेल ते दोन्ही लेकरांत सारखे. या कलमावर भांडायला जागा नाही, म्हणून ते लहान आहे.

कलम तिसरे, यंत्रांविषयी. हे मोठे होणार.

ही यंत्रे आमच्याकडे कशी आली हे सूनबाईला कोणी धड सांगितलेले नाही. मी एका मोठ्या बॅटरीच्या कारखान्यात प्लेटा रचायच्या कामाला होते. एक प्लेट, एक पडदा, एक प्लेट, एक पडदा, अशी चळत लावायची. हे त्याच कारखान्यात ओतकामाला. तो कारखाना बुडाला आणि यंत्रे लिलावात निघाली, तेव्हा साठवलेले सगळे घालून आम्ही ही उचलली. यांना शिसे कळायचे, पण यंत्राच्या पुस्तकातले एक अक्षर कळत नव्हते. मलाही नव्हते. मी चित्रे पाहत पाहत, बाण कुठून कुठे जातो ते बोटाने गिरवत शिकले. जाळी ओतायच्या यंत्राचा साचा पुस्तकासारखा उघडतो आणि मिटतो. मिटला की वरून शिसे येते, उघडला की ताजी जाळी घसरून पुढे येते आणि सुरी तिच्या कडा छाटते. हे मला समजले त्या दिवशी मी स्वयंपाकघरात दोन ताटल्या उघडून मिटून यांना दाखवल्या. ते म्हणाले, "आता रात्रीचं जेवण पण ओतून काढणार का?"

हे गेले तेव्हा भाऊजी दहाव्याच दिवशी दारात वजनकाटा घेऊन आले. ओळखीचा भंगारवाला बरोबर होता. "वहिनी, यंत्रं वजनावर जातील, तुम्हाला आधार होईल," असे म्हणाले. मन चांगले होते, हे मला आता कळते. तेव्हा मात्र मी त्या काट्यावर स्वतः जाऊन बसले आणि म्हणाले, आधी माझं वजन करा, मी पण विकायला आहे का ते ठरवू. भंगारवाला काटा तिथेच टाकून गेला. तोच काटा पुढे आम्ही जाळ्या तोलायला वापरला. भाऊजी, तुमच्यावर हा राग मी इतकी वर्षे जपला आहे, आणि तुम्ही रोज चहाला येऊन त्याला पाणी घालता. मेल्यावर तो कोणाला द्यायचा हे मला ठरवता येत नाही.

मी उठून खिडकीपाशी गेले होते. खालून ओतायच्या यंत्राचा आवाज येतोय. साचा मिटला, उघडला, सुरी पडली. जमिनीतून तो टेबलात येतो आणि टेबलातून पेनात. यावर इतकी वर्षे मला शांत झोप लागायची. आता दर वेळी सुरी पडली की मला चिमणी जिन्यात दिसते.

कलम चौथे. यात वाटणी काही नाही, पण हे लिहिल्याशिवाय पुढचे कलम कोणाला पटणार नाही.

थोरली आणि धाकटा एकमेकांशी का बोलत नाहीत, हे सूनबाईने मला लग्नानंतर विचारले होते आणि मी चहा गाळत बसले होते. आता ऐक. शिसे ओतण्याआधी साच्याला आतून बुचाच्या भुकटीचा फवारा मारावा लागतो. त्याला आम्ही कोट म्हणतो. कोट नसेल तर शिसे साच्यात शिरायच्या आधीच थिजते. आणि कोट जाड झाला तर जाळीला जागा कमी उरते, जाळी बारीक होते. म्हणून एका साच्याला एकाच हाताचा कोट, आणि ज्याने मारला त्याने यंत्राच्या अंगावर खडूने रेघ ओढायची, ही यांची पद्धत. रेघ दिसली की दुसऱ्याने फवाऱ्याला हात लावायचा नाही.

दोघांचे बोलणे तुटले त्या हंगामात आधीच धुसफूस होती. नवे यंत्र घ्यायचे की जुनेच चालवायचे, यावरून. एका सकाळी धाकट्याने कोट मारला. दुपारी थोरलीने त्यावर पुन्हा मारला. तो म्हणतो, मी रेघ ओढली होती. ती म्हणते, रेघ नव्हती. बोलक्यांच्या फडक्याने पुसली गेली असेल, असेही एकदा निघाले, तर बोलके आठवडाभर जेवले नाहीत. जाळ्यांचे वजन दुसऱ्याने केले असेल असे दोघांनीही धरले. त्या बारीक जाळ्यांच्या बॅटऱ्या पहिल्याच उन्हाळ्यात बसल्या आणि टेम्पो भरभरून परत आल्या. दोघे माझ्यासमोर उभे राहून रेघेवरून भांडले. मी तेव्हाच सांगितले होते, पुन्हा लिहिते: रेघ होती की नव्हती हे मला ऐकायचेच नाही. ती दुपारी यंत्रापाशी होती आणि तो हाकेच्या अंतरावर डबा खात होता. "कोट मारलास का रे?" एवढे विचारायला काय जिभेला शिसे लागले होते? आणि तिने फवारा उचललेला त्याने पाहिला होता. पाहिलाच होता, हे त्याने नंतर कबूल केले. तरी गप्प राहिला, की बघू या हिला विचारावंसं वाटतं का.

थोरली त्यानंतर घर सोडून गेली. आता शहराबाहेर, कालव्यापलीकडे तिची स्वतःची शेड आहे. दुसऱ्यांची यंत्रे दुरुस्त करते. मला दर रविवारी फोन करते, सगळ्यांची चौकशी करते आणि "बाकीचे?" असे विचारते. बाकीचे म्हणजे धाकटा. धाकटा त्या वेळी बरोबर माझ्या खोलीत काहीतरी शोधायला येतो.

कलम पाचवे. यंत्रांची वाटणी माझ्या पश्चात अशी व्हावी. शिसे वितळवायची कढई आणि जाळी ओतायचे यंत्र थोरलीला. प्लेटांचे गट जोडायची फणी, झाकण वितळवून डब्याला चिकटवायचे यंत्र, गळती तपासायचा पंप आणि चार्जिंगचे टेबल धाकट्याला. लेपाचे यंत्र

इथे मी थांबले. लेपाचे यंत्र बरोबर मध्ये येते. जाळीची प्लेट होते ती तिथे. ते कोणाला दिले तरी दुसऱ्याच्या हाती नुसते लोखंड उरते. दोघांना मिळून द्यावे, म्हणजे बोलावे लागेल, असा डाव मनात होता. पण मग मी "माझ्या पश्चात" हे शब्द पुन्हा वाचले आणि वर्षे मोजली. माझी आई नव्वदी पार करून गेली होती. मी काही लवकर मरणारी नव्हे. आणि मी मरेपर्यंत ही पोर रोज त्या जिन्यात उभी राहणार? किंवा नाही राहणार, कारण बॅग भरेल आणि दोघी निघून जातील, आणि धाकटा खाली एकटा जाळ्या ओतत बसेल? माझ्या मरणाची वाट पाहण्याइतका वेळ तिच्या रक्ताकडे नाही.

मी पेन खाली ठेवले आणि खाली गेले.

बोलके ओतत होते. मी म्हणाले, बोलके, हातातली जाळी संपवा. त्यांनी संपवली. मग मी कढईचा बर्नर बंद केला. ही साधी गोष्ट नव्हे. ही कढई आम्ही कधी पूर्ण विझू देत नाही, सुट्टीलाही तिच्याखाली मंद आच असते. शिसे एकदा गोठले की पुन्हा पेटवताना आधी कडेकडेने तापवावे लागते, नाहीतर आतले वितळलेले शिसे वरचा थर फोडून उसळते. त्या कामाला बोलकेसुद्धा घाबरतात. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांनी हातमोजे काढले आणि खिळ्याला अडकवले. विचारले एकच. "बाई, उद्या येऊ?"

मी म्हणाले, या. यंत्रं खोलायची आहेत.

मी वर येऊन हे लिहायला बसते न बसते तोच धाकटा आला. अंघोळ न करताच वर आला आणि जिन्याच्या वळणावर थबकला. तिथूनच बोलला, म्हणून मला ओरडून उत्तर द्यावे लागले.

"आई, कढई कोणी बंद केली?"

"मी."

"परवा ट्रक यायचाय, माहितीय ना? गोठली तर पेटवायला माणूस मिळत नाही."

"पेटवायची नाहीये. या घरात नाही."

"मग कुठे? सांग ना. डोक्यावर घेऊन फिरू?"

"तुला माहितीय कुठे."

त्याला माहीत होते.  मग म्हणाला, "तिनं बोलवायला पाहिजे." मी म्हणाले, ती म्हणत असेल त्यानं विचारायला पाहिजे. तो म्हणाला, "मी तिच्या छपराखाली नोकरासारखा जाणार नाही." एवढ्यात आतून चिमणी आली आणि दारात उभी राहिली. ती हल्ली धावत नाही. दाराची कड धरून उभी राहते आणि पाहते. त्याने तिला हाताने लांबूनच थांबवले आणि खाली निघून गेला. न्हाणीचे दार आपटल्याचा आवाज आला.

कलम पाचवे मी खोडले आहे. वकील म्हणतील खोडाखोड चालत नाही. प्रत्येक खोडलेल्या ओळीपुढे मी सही केली आहे, चालेल.

कलम पाचवे, नव्याने. कारखान्यातली सर्व यंत्रे, म्हणजे कढई, ओतायचे यंत्र, लेपाचे यंत्र, लेप लागलेल्या प्लेटा मुरत ठेवायच्या खोलीतली कपाटे, फणी, झाकणाचे यंत्र, पंप आणि टेबल, एकही तुकडा वेगळा न काढता, थोरली आणि धाकटा या दोघांच्या मिळून मालकीची होतील. माझ्या पश्चात नव्हे, आजपासून. ती कालव्यापलीकडच्या शेडमध्ये बसवावीत. वकिलांना फोन केला तर ते म्हणाले, आजी, जिवंतपणी द्यायचे ते मृत्युपत्रात बसत नाही, त्याला वेगळा कागद लागतो. मी म्हणाले, तो वेगळा कागद तुम्ही करा, पण हे इथूनही काढू नका. मला माझ्या मनातले सगळे एका जागी पाहायचे आहे.

शेड थोरलीची, पण मालकी निम्मी निम्मी. म्हणजे धाकटा कोणाच्या छपराखाली नोकर होत नाही आणि थोरली कोणाची उपकारकर्ती होत नाही. कोटाचा फवारा रोज एकाने मारायचा आणि दुसऱ्याला तोंडाने सांगायचे, "मी कोट मारला." ऐकणाऱ्याने "बरं" म्हणायचे. खडू वापरायला माझी बंदी आहे. दोघांपैकी एकाने जरी आपला निम्मा भाग विकायला काढला तर सगळीच यंत्रे बोलक्यांची होतील. त्यांनी मला आत्ताच हात जोडून सांगितले आहे की बाई, एवढं करू नका. तेव्हा तुम्हीच सांभाळा.

खालचा मजला धुवायचा. धुवायचा म्हणजे धुवायचा, झाडायचा नाही. कोरडा झाडू फिरवला की धूळ उडते आणि वर येते. ओल्या फडक्याने भिंती, खिडक्यांच्या फटी, जिन्याचा कठडा, आणि वळणाची भिंत तर हाताच्या उंचीपर्यंत नव्हे, पोरीच्या उंचीपासून खाली जमिनीपर्यंत. फडकी नंतर फेकून द्यावीत, धुऊन वापरू नयेत. सूनबाईने यात हात घालू नये. मी आणि भाऊजी करू. भाऊजी, तुम्ही फक्त बादली भरा, वाकू नका. धाकट्याने शेडमधून निघताना तिथेच अंघोळ करायची, तिथेच कपडे बदलायचे आणि स्वच्छ होऊन घरी यायचे. मग कोणी धावत येऊन पायांना मिठी मारली तर त्याने तिला उचलून घ्यावे. हे मी कलमात लिहिते आहे, म्हणजे ते कायद्याने बंधनकारक आहे असे मी धरते.

कलम सहावे. बोलक्यांना माझ्या हयातीत आणि पुढेही ओतकामाला लावू नये. ज्या मनगटांनी इतकी वर्षे आमच्यासाठी साचे उघडमीट केले, ती आता कपाला पुरत नाहीत. त्यांना गळती तपासायचे काम द्यावे, ते बसून करता येते. पगार तोच. यांच्या कानशी, करवत आणि तो काळा हातोडा त्यांना द्यावा. ते नको म्हणतील, तर टेबलावर ठेवून खोलीबाहेर जावे.

कलम सातवे. भाऊजींना काही नाही.

याचे कारण राग नव्हे. वकिलांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला साक्षीला माझ्या घरचा, मला ओळखणारा, आणि खरे काय ते तोंडावर बोलणारा माणूस हवा होता. असा एकच आहे. त्याला रिकाम्या हाती ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

दुपारच्या चहाला ते आले तेव्हा मी हे कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेऊन सगळे वाचले. काट्याच्या प्रसंगाशी हसले, सातव्या कलमाशी थांबले.

"वहिनी, एवढ्या पानांत मला एक साधा पाना पण नाही?"

"म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं, भाऊजी."

"म्हणजे मी एकटाच असा की ज्याला तुम्ही मेलात तर फायदा नाही."

"तुमचा चहा बुडेल."

ते सही करायला वाकले आणि तेवढ्यात जिना वाजला. धाकटा वर आला. अंघोळ केलेली होती, केस ओले होते. तो आमच्याकडे न बघता खिडकीशी गेला. चिमणी त्याच्या मागे मागे गेली आणि थोडे अंतर ठेवून उभी राहिली.  भाऊजींनी पेन हवेतच धरले होते.

खाली पाहत तो म्हणाला, "लेपाचं यंत्र उभं जात नाही. आडवंच न्यावं लागेल."

मी म्हणाले, हं.

"तिच्या शेडचं दार केवढं आहे?"

भाऊजी सही करायची विसरून माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हणाले, मला कसं माहीत असणार, मी कधी मोजलं नाही. तिला विचारायला पाहिजे. तो म्हणाला, "विचार मग," आणि मग, "की मी विचारू?" मी म्हणाले, या वेळी मी विचारते, पुढचं तुम्ही. मग त्याने हात मागे केला, न बघता. चिमणीने आधी माझ्याकडे पाहिले, आणि मग तो हात धरला.

वरील सर्व मी पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या अकलेने लिहिले आहे आणि साक्षीदारांसमोर सही केली आहे. एक प्रत वकिलांकडे, एक माझ्या उशीखाली, आणि एक आज टपालाने कालव्यापलीकडे.

सही: मालकीण (डाव्या बाजूला वाकडी आहे ती माझीच, भाऊजींनी टेबल हलवले)

साक्षीदार पहिले: दीर, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही
साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई, ज्यांनी चिमणीचा अहवाल वाचला आणि पुढची तपासणी स्वतः करणार आहेत

ठिकाण: वरचा मजला, खिडकीजवळचे टेबल. खालून आवाज नाही.
तारीख: कढई विझवली तो गुरुवार

थोरले, ही प्रत तुझी. सगळे वाचावेसे वाटले तर वाच, नाही वाचलेस तरी चालेल. तुझ्या शेडचे दार मोजायला टेप घे, आणि कोपऱ्याला जिथे लोखंडी चौकट पुढे येते तिथले माप घे, वरचे नको. धाकट्याला आकडा हवा आहे. बाकी काही लिहू नकोस, हवे तर नावही लिहू नकोस, नुसती रुंदी लिही. मला पुरेल. सूनबाईच्या बॅगेत आज फ्रॉक वाढलेला नाही, पण काढलेलाही नाही. तेव्हा पत्र मिळाल्याबरोबर उत्तर पाठव.